सगळेच रिपोर्ट हिरवे

दादाचा रिपोर्ट हिरवा आला तेव्हा घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही, आणि त्याचं कोणाला आश्चर्यही वाटलं नाही. माझा स्वभावच तसा. वहिनी म्हणते, चहात साखर जास्त पडली तरी वन्संना त्यात डाव दिसतो. दादा मला लहानपणापासून फौजदारीण म्हणतो. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं तर मी सांगते की एका माणसावर जन्मभर पाळत ठेवायची म्हणजे नोकरी सोडावी लागली असती.

नोकरी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत. रक्ताच्या नळ्या येतात, त्या यंत्रात गरागरा फिरवायच्या, वर जे पिवळसर पाणी सुटतं, ज्याला सिरम म्हणतात, ते वेगळं काढायचं आणि त्यात काय किती आहे ते मोजायचं. आता मी तिथली सगळ्यात जुनी आहे. नवीन पोरं माझ्यासमोर आकडा वाचतात तेव्हा त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. भोळ्या माणसाने या कामात पडू नये, त्याने कविता कराव्यात.

दादा लोकांना गाडी शिकवतो. उन्हाळ्यानंतर त्याचं पोट दुखायला लागलं आणि स्कॅनमध्ये यकृतात गाठ निघाली. कॅन्सर. गाठ वाईट जागी होती आणि बाकीचं यकृतही खराब झालेलं, त्यामुळे नुसती गाठ कापून भागणार नव्हतं, यकृतच बदलायला हवं होतं. त्याची मुलगी, जिला आम्ही अजूनही चिमणी म्हणतो, ती आपल्या यकृताचा मोठा भाग द्यायला एका पायावर तयार झाली. ती पोहायला शिकवते, खांदे असे की दार अडेल, पण नाव चिमणीच.

अडचण होती ती आकाराची. गाठ ठरावीक मापापेक्षा मोठी असेल तर यकृत बदलायचं नाही, असा नियम आहे. मोठी गाठ बहुतेक वेळा आधीच रक्तातून पसरलेली असते आणि नव्या यकृतात परत उगवते. मग बापही जातो आणि मुलीचं पोटही फुकट कापलं जातं. दादाची गाठ मापाच्या बाहेर होती. फार नाही, पण बाहेर.

इथे आमच्या प्रोफेसरांची तपासणी आली. स्कॅनवर गाठ किती मोठी हे दिसतं, पण ती किती दुष्ट हे दिसत नाही. एकाच मापाच्या दोन गाठी. एक काढली की संपली, दुसरी वर्षभरात परत हजर. प्रोफेसरांनी रक्तातली अशी तीन प्रथिनं शोधून काढली होती की ज्यांच्या प्रमाणावरून हे आधीच सांगता येतं. तिन्हींचा मिळून एक आकडा. तो वर असला तर रोगी जगतो, रिपोर्ट हिरवा. खाली असला तर गाठ परतते, रिपोर्ट लाल. आमच्या फ्रीझरमध्ये जुन्या रोग्यांच्या सिरमच्या नळ्या ठेवलेल्या आहेत. त्या रोग्यांचं पुढे काय झालं हे ठाऊक असल्यामुळे प्रोफेसरांनी त्यांच्यावर आकडा तपासून बघितला आणि तो जवळजवळ चुकलाच नाही. मग हॉस्पिटलने ठरवलं की गाठ थोडी मोठी असली तरी रिपोर्ट हिरवा असेल तर अपवाद करायचा.

तर दादाचा हिरवा आला. मी स्वतः, दोनदा, माझ्या हाताने मोजला होता.

"तू नीट बघितलंस ना?" दादाने मला विचारलं. आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो आणि वहिनी मुद्दाम पाठमोरी राहून भांडी पुसत होती.

"दोनदा बघितलं."

"आणि तुला पटलं?"

"आकडा बरोबर आहे," मी म्हणाले.

"मग झालं तर," दादा वहिनीकडे वळून म्हणाला. "हिच्या तावडीतून सुटला म्हणजे तो रिपोर्ट साधूच असणार. चिमणीला सांग, मी तयार आहे." तोवर त्याने मुलीला होकार दिलेला नव्हता. लेकीच्या पोटाला सुरी लावून मला काय करायचंय, असं म्हणून दोन महिने टाळत होता.

आकडा बरोबर होता हे खरं होतं. मला खुपत होतं ते वेगळंच. घरी जाताना डोक्यात चाललं होतं की या आधी हिरवा कोणाकोणाचा आला. आठवत गेले. त्या गप्पिष्ट बाईंचा हिरवा, त्यांनी आम्हाला बिस्किटं आणून दिली होती. टोपीवाल्या आजोबांचा हिरवा. दोघा भावांपैकी धाकट्याचा हिरवा. मग मी लाल आठवायला लागले आणि एकही आठवेना. रोग्यांसाठी तपासणी सुरू झाल्यापासून आम्ही एकही लाल रिपोर्ट दिला नव्हता. जुन्या नळ्यांमध्ये जवळपास निम्मे लाल होते. मग आता येणारे सगळेच एवढे नशीबवान कसे? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरांना गाठलं. हा माणूस माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, सडपातळ, बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघणारा. अशा माणसांचा मला आधीच संशय येतो.

"सर, लाल का येत नाहीत?"

"चांगलं आहे ना मॅडम," ते माझ्या खांद्याला म्हणाले. "डॉक्टर लोक ज्यांची आशा आहे अशांनाच आपल्याकडे पाठवतात. ज्यांचं सगळं संपलंय त्यांना कोण कशाला तपासणीला पाठवेल?"

उत्तर बिनतोड होतं. म्हणूनच मला पटलं नाही. दुपारी बघते तर प्रोफेसरसाहेबांच्या खोलीचं दार आतून बंद आणि आत कोणाशी तरी हळू आवाजात बोलणं चाललेलं. मी मुद्दाम कपाटातलं काही शोधण्याच्या निमित्ताने तिथेच घुटमळले. आकडे हिरव्या बाजूला ढकलायला कोणी सांगत होतं का? ऑपरेशनं वाढली की यकृत बदलणाऱ्या सर्जनबाईंचं नाव वाढतं, सर्जनबाईंचं नाव वाढलं की हॉस्पिटलचं, आणि तपासणी खपली की प्रोफेसरांचं. मला तर अख्खी साखळी दिसायला लागली. कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं की साहेब एकटेच होते आणि पुढच्या महिन्यातल्या भाषणाचा सराव करत होते. एका विनोदापाशी ते थांबले, हसण्यासाठी जागा सोडली आणि पुढे गेले. मला त्यांची कीव आली. तरी संशय गेला नाही.

यंत्र तपासलं, ठीक. रसायनांचा नवा खोका आला होता, त्याचाही संशय घेऊन झाला. घरी तेव्हा वेगळीच गडबड चालली होती. चिमणीच्या तपासण्या एकामागून एक पार पडत होत्या, ऑपरेशनची तारीख ठरली होती. तिने पोहण्याच्या वर्गातल्या मुलांना सांगून टाकलं होतं की मी थोडे महिने येणार नाही आणि परत येईन तेव्हा माझ्या पोटावर शार्कने घेतल्यासारखा चावा असेल. वहिनी तिला दर दोन तासांनी काहीतरी खायला घालत होती. मला तर वहिनीचाही संशय आला होता, की पोरीला हिनेच भरीस घातलं असेल. एकदा चिमणीला बाजूला घेऊन विचारलंही.

"आत्या, आईने मला देऊ नको म्हणून दोन दिवस जेवण सोडलं होतं," चिमणी म्हणाली. "तुझं काय चाललंय?"

माझं काय चाललं होतं ते मलाही सांगता येत नव्हतं. शेवटी ठरवलं की जुन्या नळ्यांपैकी काही काढायच्या आणि नव्या खोक्यातल्या रसायनांनी परत मोजायच्या. जुने लाल आताही लाल आले तर मी गप्प बसणार होते.

आमचा मोठा फ्रीझर एका वेगळ्या खोलीत आहे. दार उघडलं की पांढरी वाफ अंगावर येते आणि जाड हातमोजे घातले तरी बोटं बधिर होतात. मी दोन ट्रे बाहेर काढले. एकात गाठ परत उगवून जे गेले त्यांच्या नळ्या होत्या, दुसऱ्यात जगलेल्यांच्या. जगलेल्यांच्या नळ्या काठोकाठ भरलेल्या, चिठ्ठ्या नव्यासारख्या, अक्षर पहिल्या दिवशी लिहिलं तसं. गेलेल्यांच्या नळ्यांतलं सिरम तळाला गेलेलं. चिठ्ठ्या पुसलेल्या, त्यावर दुसऱ्याने लिहिलेलं, त्यावर तिसऱ्याने. झाकणं बदललेली. काही नळ्यांत एक थेंब उरला होता.

मी ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिले. फ्रीझर दार उघडं म्हणून ओरडायला लागला तरी मला ते ऐकू आलं नाही.

आमच्याकडे संशोधनाला येणारे सगळे काय मागतात? ज्यांचा रोग लवकर परतला त्यांच्या नळ्या द्या. विद्यार्थी तेच मागतात, बाहेरून येणारे तेच मागतात. जे बरे होऊन घरी गेले, त्यांच्यात कोणाला रस? मेलेल्यांनाच मागणी. प्रत्येक वेळी नळी बाहेर काढायची, वितळवायची, त्यातले थेंब घ्यायचे आणि परत गोठवायची. आणि प्रथिनं काही दगडधोंडे नाहीत. काही प्रथिनांना कितीही वेळा गोठवा-वितळवा, त्यांना फरक पडत नाही. काही मात्र प्रत्येक खेपेला थोडी थोडी मोडतात. प्रोफेसर आले तोवर गेलेल्यांच्या नळ्या वितळून वितळून दमल्या होत्या. त्यांच्यात प्रथिनं कमी होती ती गाठीमुळे नव्हे, आमच्या हातांमुळे. नंतर त्यांनी खात्री करायला दुसऱ्या कप्प्यातल्या नळ्या घेतल्या, पण फ्रीझर तोच आणि हातही तेच. ज्याचं रक्त आज काढलंय, जे कधी फ्रीझरमध्ये गेलंच नाही, त्याचा आकडा वर येणारच. कोणाचाही. यमाने स्वतः रक्त दिलं असतं तरी हिरवाच आला असता.

हा अजून नुसता संशय होता. पण या वेळी तो तपासून बघता येत होता आणि माझ्याकडे ताजं सिरम होतं. दादाचं. त्याच्या तपासणीतून उरलेलं, फक्त गारव्यात ठेवलेलं, कधी न गोठवलेलं.

मी त्याचे भाग केले. एक तसाच ठेवला. दुसरा एकदा गोठवून वितळवला, तिसरा आणखी जास्त वेळा, असं करत शेवटचा भाग फ्रीझरमधून बाहेर-आत, बाहेर-आत, जसा एखाद्या गेलेल्याचा झाला असेल तसा. मग सगळे एका ओळीत, एकाच पट्टीवर, एकाच वेळी मोजायला लावले. त्या पट्टीत छोटे छोटे खळगे असतात आणि प्रथिन जितकं जास्त तितका रंग गडद चढतो. पहिल्या खळग्यात रंग झरझर चढला. दुसऱ्यात चढला, पण पहिल्याएवढा नाही. पुढे पुढे फिका होत गेला आणि शेवटचा खळगा पाण्यासारखा राहिला. यंत्राने आकडे दिले. पहिल्या खळग्यातला माझा भाऊ बरा होणार होता, मधल्यातल्याचं काही खरं नव्हतं आणि शेवटच्यातला वर्षभरात मरणार होता. माणूस तोच, सुईही एकदाच टोचलेली.

खरं सांगायचं तर रंग उतरताना बघून क्षणभर मला बरं वाटलं. माझं खरं ठरलं होतं. मग ते कशाबद्दल खरं ठरलंय हे ध्यानात आलं आणि मी स्टुलावर खाली बसले. दादा मापाबाहेरचा होता. हा हिरवा कागद हीच त्याची वाट होती, आणि तो कागद फाडणारी मी.

आधी चिमणीला सांगायचं ठरवलं. पोट तिचं कापलं जाणार होतं. मला वाटलं होतं, किंवा मी तशी आशा धरली होती, की ती आपणहून मागे हटेल आणि माझ्यावरचं ओझं उतरेल. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी तिला बसवून मी सगळं सांगितलं. ती ताटलीतला चमचा सरळ करत राहिली.

"म्हणजे बाबांचा रिपोर्ट खरा लाल आहे?"

"नाही. लालही नाही आणि हिरवाही नाही. या तपासणीला काही कळतच नाही."

"म्हणजे ते बरे होऊही शकतात."

"होऊ शकतात."

"मग गप्प बस ना, आत्या."

मी तिच्या हातातला चमचा काढून बाजूला ठेवला.

"ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे," ती म्हणाली. "त्याच्यानंतर सांग. ओरडून सांग, पेपरात दे. यकृत माझं आहे. मला आता सगळं माहीत आहे आणि मी तरी देतेय. यात फसवलं कोणाला?"

"तुझ्या बापाला. त्याने हिरवा आला म्हणून होकार दिला. आणि बाहेर बाकावर जे बसलेत ना, त्यांच्याही हातात असेच हिरवे कागद आहेत. त्यांच्याही घरात कोणीतरी पोट कापून घ्यायला तयार झालंय. त्यांना कोण सांगणार?"

"त्यांना सांग. बाबांचं सोडून सगळ्यांचं सांग."

"असं नाही होत, राणी."

"का नाही होत? तू बोलली नाहीस तर कोणाला कळणार आहे? त्या प्रोफेसरला आजवर कळलं?" तिचे डोळे भरले होते पण आवाज चढला नाही. "नियम काय म्हणतो, मोठी गाठ म्हणजे बहुतेक परत येते. बहुतेक. सगळ्यांची नाही. तू तो बहुतेक पकडून बसलीयेस. तुला कोणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही. पहिल्यापासून. हिरवा आला त्या दिवशी घरात सगळे रडत होते आणि तू कोपऱ्यात बसून कागद उलटा करून बघत होतीस."

ती उठून गेली. मी तिथे बसून तिचं उरलेलं सगळं खाल्लं, भूक नसताना. पोरगी चुकीचं बोलली असती तर मला राग आला असता. मला राग आला नाही. गप्प बसणं सोपंही होतं. मला खोटं बोलायचं नव्हतं, नुसती पट्टी कचऱ्यात टाकायची होती आणि चार दिवस नाक खुपसायचं थांबायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी संशय घेतला नाही तर सगळे खूश होणार होते. दादा कदाचित जगला असता. कदाचित दोघंही एकदम गेली असती, कारण अशा ऑपरेशनात देणारीलाही धोका असतोच. माझ्या हातात एवढं एकच होतं की दोघांना काय माहीत असावं.

संध्याकाळी मी पट्टी घेऊन प्रोफेसरांच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं ते आधी नाकारतील, मग मला चुचकारतील, मग म्हणतील की मॅडम, भाषण होऊन जाऊ दे. त्या प्रत्येकावरचं उत्तर मी जिना चढताना तयार केलं होतं. त्यांनी आकडे वाचले. परत वाचले.

"कोणाचं सिरम आहे हे?"

"माझ्या भावाचं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "ज्यांचं ऑपरेशन ठरलंय ते?"

"तेच."

त्यांनी आकड्यांचा कागद खिशात ठेवला. मग म्हणाले, "मी हे परत करून बघतो. माझ्या हाताने, दुसऱ्याच्या सिरमवर. तसंच आलं तर मी स्वतः सर्जन मॅडमना सांगेन. तुम्ही सांगू नका. तुम्ही घरच्या आहात." त्यांनी सांगितलं तसंच केलं. दोन दिवस खपून त्यांनी परत मोजलं, तेच आलं, आणि त्यांनी आपल्या हाताने आपली तपासणी बंद केली. भाषणही रद्द केलं. इतका संशय घेतला होता मी या माणसावर. तो साफ निघाला तेव्हा माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं.

सर्जनबाईंनी सगळ्या रोग्यांच्या घरच्यांना बोलावून सांगितलं. दादाला सांगितलं की अपवाद करायला आता आधार उरला नाही. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळीतून औषध सोडून बघू, गाठ लहान झाली आणि मापात आली तर पुन्हा विचार करू. नाही आली तर नाही. चूक कोणी पकडली हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण आमच्या घरात ते सांगायची गरज नव्हती. वहिनीचा फोन बंद झाला. चिमणीचा तर आधीच बंद होता.

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "ये," म्हणाला. एवढंच.

दार वहिनीने उघडलं आणि ती आत निघून गेली. चिमणीच्या खोलीचं दार लावलेलं होतं, फटीतून उजेड दिसत होता. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. दहा दिवसांत उतरला होता, डोळे पिवळट झाले होते. मला वाटलं होतं तो काहीतरी थट्टा करेल. त्याने आयुष्यभर तेच केलं होतं. आई गेली तेव्हासुद्धा त्यानेच आम्हाला हसवलं होतं. जेव्हापासून गाठ निघाली तेव्हापासून तो कधी घाबरलेला मला दिसला नव्हता. लेकीच्या पोटाला सुरी नको, माझं काय, असंच चाललेलं असायचं त्याचं. मी रस्त्याने मनाशी ठरवून आले होते की तो म्हणणार, बरं झालं, पोरगी वाचली. मग मी रडणार होते, आणि दोघंही मोकळी होणार होतो.

"बस," तो म्हणाला. मी बसले.

"तू केलंस ते बरोबर केलंस," तो म्हणाला. "मला कळतं ते. मी तुझ्या जागी असतो तर मला जमलं नसतं."

"दादा..."

"थांब, मला बोलू दे." तो खिडकीबाहेर बघत होता. खाली त्याची शिकवायची गाडी उभी होती. "मी सगळ्यांना सांगत होतो ना, की पोरीसाठी नको म्हणतोय. ते खरं होतं. पण हिरवा आला त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो. आनंदाने. पोरीचं पोट कापणार हे माहीत असून. मला वाटलं, सुटलो." त्याने माझ्याकडे बघितलं. "मला जगायचं होतं गं. अजून जगायचंय. हे मला कोणाला सांगता येत नव्हतं."

जगात असा माणूस नाही की ज्याच्यावर मी संशय घेतला नाही. प्रोफेसर, सर्जनबाई, वहिनी, रसायनांचा खोका. हा एकच माणूस त्याने सांगितल्याबरोबर मी खरा मानला होता, आणि तोच आमच्या सगळ्यांदेखत एवढे महिने घाबरून बसला होता. मी त्याचा हात धरला. तो थंड होता.

आतल्या खोलीचं दार उघडलं. चिमणी दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे न बघता आली आणि बापाच्या खुर्चीच्या हातावर बसली, इतकी मोठी मुलगी, खुर्ची करकरली.

"आता ते औषधाचं सांग," दादा मला म्हणाला. "ती बाई काय बोलली ते माझ्या डोक्यावरून गेलं. सगळं सांग. काही चांगलं करून सांगू नकोस."

मी सांगितलं. जांघेतून बारीक नळी आत घालतात, गाठीपर्यंत नेतात आणि तिथेच औषध सोडतात. ताप येतो, पोट दुखतं. एकदा करून भागत नाही, परत परत करावं लागतं. कधी गाठ आकसते, कधी ढिम्म हलत नाही.

"माझी आकसेल?"

"माहीत नाही."

"तुझा अंदाज काय?"

चिमणी माझ्याकडे बघत होती. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"माझा काही अंदाज नाही, दादा," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

मग त्याने मान हलवली.

"चालेल," तो म्हणाला. "कधीपासून सुरू करायचं ते विचार."